बारा चित्रांचा हिशेब

फोटो ही वस्तू आता फुकट झाली, असे आपण सर्वच म्हणतो. आणि मोबाईलच्या बाबतीत ते खोटेही नाही. साध्या वाढदिवसास दोन-तीनशे फोटो निघतात, त्यांतले चार-दोन पाहिले जातात, आणि उरलेले कोठे गेले हे काढणाऱ्यासही ठाऊक नसते. अशा दिवसांत एका फोटोस एकशेवीस रुपये पडले असे कोणी सांगितले, तर ऐकणारा प्रथम सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहील. परंतु गेल्या दिवाळीत आमच्याच घरी हा प्रकार घडला, व त्याचा जमाखर्च माझ्याच हातून वहीत लिहिला गेला. तो या महिन्यात वाचकांपुढे मांडावा असे योजिले आहे. कारण तो मांडता मांडता पन्नास वर्षांपूर्वीची एक बाकी निघाली, आणि ती केवळ पैशांची नव्हती.

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा पुण्यास शिकतो. दिवाळीस वाशीमला आला असता माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत त्यास माझ्या वडिलांचा कॅमेरा सापडला. ‘आग्फा क्लिक थ्री’ हे त्याचे नाव. बडोद्यास तयार होणारा हा साधा कॅमेरा एके काळी मध्यम स्थितीतल्या कित्येक घरांत असे. त्यात १२० क्रमांकाचे रीळ बसते व त्यावर चौरस अशी बाराच चित्रे निघतात. चिरंजीवांनी कॅमेरा पुसला, कळ दाबून पाहिली. ती ‘टक्’ करून उठली. झाले! “काका, यात रोल घालून पाहू या का? ब्लॅक-अँड-व्हाइट अजून मिळतो,” असे त्याने विचारले. मी “पाहा” म्हणालो. किती पडेल हे विचारावयाचे राहिले, आणि जन्मभर मुलांना गणिताची रीत आधी लिहावयास लावणाऱ्या मास्तराकडून हे व्हावयास नको होते.

रिळाचे ८५० रुपये. ते घरपोच येण्याचे ९०. वाशीमात काळे-पांढरे रीळ धुऊन देणारा मला तरी आढळला नाही. तेव्हा पुण्यास धुऊन त्याच्या संगणकी प्रती करण्याचे ३५०, आणि कागदावरील लहान प्रतींचे १५०. एकूण १,४४० रुपये. त्यास बाराने भागिले की दर चित्रास १२० पडतात. आमच्या सौभाग्यवती जवळच गवारीच्या शेंगा मोडीत बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “अहो, एका फोटोत घरची चार दिवसांची भाजी येते.” या भाष्यावर टीका लिहिण्याचे धैर्य मजजवळ नव्हते.

तथापि ही महागाई आली कोठून, हे समजून घ्यावे असे वाटले. पहिला संशय चांदीवर येतो, कारण फोटोचे रीळ म्हणजे एका अर्थी चांदीचा मुलामाच होय. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो व त्यात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढलेला सरस. मुंजीच्या दिवशी सोवळे नेसून फोटोस उभ्या राहिलेल्या आपल्या आज्यांना हे कोणी सांगितले नाही, ते बरेच झाले! प्रकाश पडला की त्या कणांत डोळ्यांस न दिसणारा फरक होतो. पुढे अंधाऱ्या खोलीत ते रीळ औषधात बुडविले म्हणजे जेथे प्रकाश पडला तेथील क्षारांची शुद्ध चांदी होते, आणि ती काळी दिसते. उरलेले क्षार हायपोच्या पाण्यात विरघळून जातात. म्हणून निगेटिव्हवर जे काळे दिसते ते रंगद्रव्य नव्हे, ती चांदीच होय. हायपोच्या जुन्या पाण्यातूनही चांदी परत काढता येते, आणि जाणते स्टुडिओवाले ते पाणी मोरीत ओतीत नसत.

चांदी चढली की रीळ चढते, हा अनुभव जुना आहे. अमेरिकेतील हंट बंधूंनी चांदीचा मोठा साठा केला, तेव्हा १९७९ च्या प्रारंभी औंसास सहा डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९८० मध्ये पन्नासाच्या घरात गेला. मार्चमध्ये तो कोसळला खरा, पण तोवर फोटोच्या सामानाच्या किमती जगभर वाढल्या होत्या. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने पुन्हा पन्नास डॉलरची मर्यादा ओलांडली, आणि आपल्याकडे किलोचा भाव दीड लाखाच्या पलीकडे गेला. पण येथे थोडे गणित केले पाहिजे. बारा चित्रांच्या एका रिळात जी चांदी असते ती एका ग्रॅमच्याही बरीच आत भरते. तेव्हा साडेआठशे रुपयांचा सगळा दोष चांदीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

खरे कारण यंत्रांत आहे. रिळावर लेप देणारी यंत्रे अवाढव्य असतात. त्यांचे काम पूर्ण अंधारात, धुळीचा कणही येऊ न देता चालवावे लागते, आणि ती मैलोगणती माल काढण्यासाठीच बांधलेली आहेत. गिऱ्हाईक हजारांत असो वा कोटींत, यंत्र चालविण्याचा खर्च फारसा हटत नाही. या शतकाच्या आरंभी अंकीय कॅमेरे आले आणि गिऱ्हाईक एकाएकी ओसरले. इंग्लंडातील इल्फर्ड २००४ साली दिवाळ्याच्या दारात उभी राहिली आणि पुढल्याच वर्षी तिच्याच अधिकाऱ्यांनी ती विकत घेऊन तारली. अमेरिकेच्या कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यातूनही ती उठली. जपानच्या फुजीने आपले काळे-पांढरे रीळ २०१८ मध्ये थांबविले आणि लोकांच्या आग्रहास्तव २०१९ मध्ये नव्या रूपात पुन्हा आणिले. आता तरुण मंडळी हौसेने परत रिळाकडे वळली आहेत. परंतु मोडलेले कारखाने हौसेने उभे राहत नाहीत. मागणारे वाढले, देणारे मोजके उरले. असे झाल्यावर भावाचे काय होते हे बाजारात भाजी घेणाऱ्यास शिकवावे लागत नाही.

आपल्या देशापुरती यात आणखी एक खंत आहे. रीळ तयार करण्याचा कारखाना आपल्याकडेही होता. केंद्र सरकारने १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापिली आणि निलगिरीतील उदकमंडलम् येथे, म्हणजे आपल्या उटीस, १९६७ पासून माल निघू लागला. तेथील रिळांस व कागदास ‘इंदू’ असे नाव होते. संस्कृत शिकविणाऱ्यास हे नाव फार आवडावे. काळ्या रात्री पांढरा प्रकाश देणारा जो इंदू, त्याचे नाव काळ्या-पांढऱ्या चित्रास देणारा कोणी रसिकच असला पाहिजे. पुढे रंगीत रिळे आली, बाहेरच्या मालास दारे उघडली, कर्जाचा भार वाढला. १९९० नंतरच्या दशकात कारखाना आजारी ठरला आणि अखेर त्यास टाळे लागले. आकाशातील इंदूस क्षयानंतर वृद्धी असते, ती यास लाभली नाही. परिणामी आज काळे-पांढरे रीळ घ्यावयाचे तर ते इंग्लंड, अमेरिका, झेक प्रजासत्ताक अशा दूरदेशांहून यावयाचे. त्यावर प्रवासखर्च, जकात आणि कर चढावयाचे, आणि रुपया घसरला की तेही वाढावयाचे.

येथवर ऐकून चिरंजीव म्हणाले, “म्हणजे काका, तुमच्या वेळी बरे होते. स्वस्त होते.” हा समज मात्र मला खोडावा लागला. रीळ हे कधीच स्वस्त नव्हते. ज्या महाराष्ट्रात या देशाचा पहिला मोठा कथाचित्रपट तयार झाला, तेथेच त्याचा दाखला आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विम्याच्या पॉलिशीवर कर्ज काढून लंडन गाठले, कॅमेरा व कच्ची फिल्म यांची व्यवस्था केली. आणि पुढे चित्रपटासाठी सौ. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. एवढ्यावर त्या माउलीची सुटका झाली नाही. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडलेली नसत. ती रात्री अंधारात बसून पाडण्याचे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुण्यास हात लावू लागल्या. आणि चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. पडद्यावर तारामती होती ती साळुंके नावाच्या पुरुषाने रंगविलेली. जिच्या अंगावरील सोन्यावर ती फिल्म आली आणि जिच्या बोटांखालून ती सरकली, तिचे काम पडद्यामागचेच राहिले.

हे मी चिरंजीवांस सांगत होतो, पण सांगता सांगता मन दुसरीकडे गेले. कारण त्याच पेटीत वडिलांची एक वही होती. १९७४ साली आमच्या ताईचे लग्न वाशीमात झाले. त्या वेळी वाशीम हा अकोला जिल्ह्यातील एक तालुका. स्वतंत्र जिल्हा झाला तो पुढे १९९८ मध्ये. लग्नासाठी वडिलांनी या कॅमेऱ्यात एक रीळ भरले. एकच. रीळ, धुलाई आणि प्रती मिळून वहीत जो आकडा आहे तो त्याच पानावरील महिन्याच्या दुधाच्या आकड्याहून मोठा आहे. तेव्हा एकही चित्र वाया जाऊ नये म्हणून त्यांनी बाराही चित्रांची यादी आधीच लिहून ठेविली. पहिले वधूवरांचे, दुसरे व्याह्यांचे, तिसरे विहीणबाईंचे. मग मामा, मग जावईबापूंचे थोरले बंधू, मग तहसीलदारसाहेब, याप्रमाणे अकरा. बारावी ओळ अशी: ‘घरातील मंडळी’. नव्या पिढीच्या वाचकांस सांगावयास हवे की, जुन्या पुरुषांच्या लेखी ‘मंडळी’ म्हणजे कुटुंबातले सगळे नव्हेत. ज्या पत्नीचे नाव घ्यावयाचे नाही ती पत्नी. ही ओळ खोडलेली आहे, आणि तिच्यापुढे दुसऱ्या शाईत ‘चि.’ असे लिहिले आहे.

तो चि. म्हणजे प्रस्तुत लेखक. वय वर्षे तेरा. रीळ पुढे सरकविण्याचे काम त्या दिवशी माझ्याकडे होते, आणि शेवटचे चित्र उरले तेव्हा ते माझे घ्यावे असा मी हट्ट धरला. वडील म्हणाले, “ते तुझ्या आईसाठी ठेविले आहे.” आई ताटे उचलीत होती. ती न थांबताच म्हणाली, “घ्या हो त्याचा. माझा काय फोटो काढायचाय? मी घरचीच आहे.” मी नवा सदरा घालून तुळशीवृंदावनापाशी उभा राहिलो. ते चित्र फार छान आले आहे.

आई १९७७ साली गेली. मधल्या तीन वर्षांत दुसरे रीळ घेण्याचा योग आला नाही. निमित्त नसता फोटोवर खर्च करण्याची आमच्या घरी रीत नव्हती. तिच्या श्राद्धास मांडावयास फोटो नाही, आणि तिचा चेहरा मला आठवतो तो खरा की मनाने पुढे रचलेला, हे कित्येक वर्षे मला सांगता येत नसे. काटकसर हा सद्गुण आहे हे मी वर्गात पुष्कळ शिकविले आहे. पण बारा चित्रे मोजून घेणारे घर त्या मोजणीत कोणास वगळते, हा प्रश्न मी कधी फळ्यावर लिहिला नाही. महाग वस्तू पाहुण्यांसाठी काढावयाची व घरच्यांचे मागाहून पाहावयाचे, हा आपला शिष्टाचार. आणि पुष्कळदा ते मागाहून येतच नाही.

या ठिकाणी आपल्या विदर्भाच्या भवभूतीचे स्मरण होते. ‘उत्तररामचरित’ या नाटकाच्या पहिल्या अंकात राम, सीता व लक्ष्मण आपल्याच पूर्वायुष्याची चित्रे पाहत असतात. विवाहाच्या चित्रापाशी लक्ष्मण एकेकीची ओळख करून देतो, पण ऊर्मिलेपाशी येताच गप्प राहतो. सीता थट्टेने विचारते की, ही आणखी एक कोण? लक्ष्मण लाजतो आणि पुढल्या चित्राकडे बोट दाखवितो. वर्गात हा प्रसंग मी तीस वर्षे विनोदाचा म्हणून शिकविला. तो तसा आहेही. परंतु चित्रात असलेल्या ऊर्मिलेवरून आपल्या माणसाचे बोट सरकून जाते, यात दुसरेही काही आहे, हे त्या वहीतील खोडलेली ओळ पाहिल्यावर ध्यानात आले.

आता पेटीतील निगेटिव्हांविषयी. वहीच्या खाली एका पाकिटात त्या लग्नाच्या पट्ट्या होत्या. आमच्या माळ्यावर पत्रा आहे, आणि वाशीमचा उन्हाळा कसा असतो हे सांगावयास नको. एक पट्टी आक्रसली होती व तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. जुन्या ॲसिटेटच्या पट्ट्या उष्णतेने व दमटपणाने अशाच नासतात, आणि एक नासली की जवळच्यांसही ती लागण लावते. बाकीच्या बऱ्या होत्या. चिरंजीवांनी एका मोबाईलचा पडदा नुसता पांढरा उजळ केला, त्यावर थोडे अंतर राखून निगेटिव्ह धरली, दुसऱ्या मोबाईलने तिचा फोटो घेतला आणि त्यातील काळ्याचे पांढरे करून दाखविले. या कामास एक पैसाही पडला नाही.

नववे चित्र आले. ताई व जावईबापू अंगणात उभे आहेत. याची प्रत आमच्या भिंतीवर लहानपणापासून आहे. ती उभट आहे, कारण चौरस निगेटिव्हवरून उभट कागदावर प्रत काढताना दोन्ही बाजूंचा भाग सुटतो. निगेटिव्हवर तो सुटलेला नव्हता. डाव्या कडेला माजघराच्या दारात आई उभी आहे. हातात ताट आहे. कॅमेऱ्याकडे तिचे लक्ष नाही. ती ताईकडे पाहते आहे. चित्र किंचित हललेले आहे, पण चेहरा पुरता दिसतो. “काका, या कोण?” असे चिरंजीवांनी विचारले. मी लक्ष्मणासारखा गप्प राहिलो नाही, एवढेच सांगतो. त्यास त्याची आजी प्रथमच दिसत होती. धाकटे बंधू आतून आले. आई गेली तेव्हा ते सात वर्षांचे होते. ते त्या मोबाईलपाशी किती वेळ बसले याचा हिशेब मी ठेविला नाही.

त्यानंतर नव्या रिळाची यादी मी केली. पहिल्या ओळीस ‘घरातील मंडळी’ असे लिहिले, व पुढे कंसात, वडिलांची क्षमा मागून, नावही घातले. दुसरी भावजय, तिसरी ताई, चौथ्या आमच्याकडे वीस वर्षे स्वयंपाकास येणाऱ्या काकू, असा क्रम लाविला. हा कॅमेरा स्वयंपाकघरातल्या अंधारास मानीत नाही, म्हणून सर्वांना परसदारी उन्हात यावे लागले. आमच्या सौभाग्यवती पदराला हात पुशीत म्हणाल्या, “अहो, माझा काय फोटो काढायचाय? मी तर घरचीच आहे.” हे शब्द त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. पुण्याहून प्रती आल्या तेव्हा बारांपैकी नऊ बरी निघाली, दोन हलली, एकावर चिरंजीवांचे बोट आले. म्हणजे चांगल्या चित्राचा भाव १६० रुपयांवर गेला. तो मी वहीत नोंदविला आहे आणि त्याबद्दल मला खेद नाही.

एवढे झाल्यावरही मी कोणास काळ्या-पांढऱ्या रिळाची हौस लावू इच्छीत नाही. दरमहा हा खर्च करणे आमच्यासारख्या घरास झेपण्याजोगे नाही. वर्षाकाठी एक रीळ, तेही सर्वांनी मिळून, इतपत ठीक आहे. शिवाय वस्तू महाग झाली म्हणून आपण शहाणे होतो, असे नाही. आमचे रीळ महाग होते, तरी आई राहिलीच. आणि वस्तू फुकट झाली म्हणूनही कोणी सुटत नाही असे नाही. मोबाईलमधील शेकडो फोटो एकदा या दृष्टीने चाळून पाहावे, आणि वाढणाऱ्या हातांचे त्यांत किती आहेत ते मोजावे.

मात्र एक काम आजच करण्याजोगे आहे व त्यास खर्च जवळजवळ नाही. माळ्यावरची पेटी खाली काढावी. निगेटिव्ह कडेला धरून प्रत्येक पट्टी निराळ्या कागदी पाकिटात घालावी. आंबूस वास येणाऱ्या दूर ठेवाव्यात. प्लॅस्टिकची पिशवी व पत्र्याखालचा माळा दोन्ही टाळून त्या थंड, कोरड्या खोलीत, खालच्या कपाटात ठेवाव्यात. वर सांगितलेल्या रीतीने मोबाईलवर त्यांच्या प्रती कराव्यात. जुन्या फोटोंच्या पाठीवर, घरातील वडीलधारे हयात आहेत तोवर, त्यांना विचारून मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत. आणि भिंतीवरच्या प्रतीवर समाधान न मानता निगेटिव्हच्या कडा अवश्य पाहाव्यात. त्या चित्रांचे पैसे आपल्या वडिलांनी केव्हाच चुकते केलेले आहेत.